शुभविवाह लिहिलेला कार्डांचा अल्बम

मित्रांनो, मी एक जुना अल्बम आहे. माझ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' असं लिहिलेलं आहे, पण माझ्या पोटात लग्नाचा एकही फोटो नाही. नवरदेव नाही, करवली नाही, अक्षता टाकणारा एखादा हातसुद्धा नाही. आहेत ती नुसती व्हिजिटिंग कार्डं. दुकानदारांची, दलालांची, हाडवैद्यांची, बँडवाल्यांची. ज्यांना हे ऐकून हसू येतं, त्यांनी खुशाल हसून घ्यावं. मी हसणारे पुष्कळ पाहिलेत आणि त्यांच्यामुळे माझं एक पानही गळलेलं नाही.

माझा जन्म कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका बाइंडिंगच्या दुकानात झाला. पिराजी नावाच्या कारागिरानं जाड काळे कागद कापले, मेणाच्या दोऱ्यानं शिवले, पानांच्या मधे पातळ बटर पेपर घातला आणि वर लालभडक रेक्झिन चढवलं. मोठ्या हौसेनं त्यानं मला घडवलं. पण ज्या लग्नघरानं मला सांगून करून घेतलं होतं, तिथलं लग्नच मोडलं. मग मी फळीवर पडून राहिलो. गिऱ्हाईक मला हातात घेई, उलटून-पालटून बघे आणि गोष्ट कळली की चटका बसल्यासारखं खाली ठेवी. "मोडलेल्या लग्नाचा अल्बम व्हय? नको रे बाबा!"

एक दिवस कॉलेजात जाणारी एक मुलगी आली. तिनं माझी पानं अंगठ्यानं दाबून पाहिली.

"जाड हाईत. हाच द्या."

पिराजी भला माणूस होता. म्हणाला, "ताई, ह्याची कथा जरा येगळी हाय. लग्न मोडलंय ह्याचं."

"मोडू दे की," ती म्हणाली. "मला कुठं ह्याच्याशी लगीन लावायचंय?"

ती विद्याश्री. वर्ष होतं एकोणीसशे ब्याण्णव. त्या एका वाक्यावर मी तिचा झालो.

विद्याश्रीच्या वडिलांचं, शिवमूर्तीअप्पांचं, लक्ष्मीपुरीत दोर आणि ताडपत्रीचं घाऊक दुकान होतं. घर मूळचं सीमेकडचं, त्यामुळे घरात आईला सगळे अव्वा म्हणत आणि भांडण रंगात आलं की मराठीतून कानडीत जात. कॉलेज सुटलं की विद्याश्री गल्ल्यावर बसे. दुकानात गावोगावचे व्यापारी आणि फिरते एजंट येत, चहा पीत आणि जाताना कार्ड ठेवून जात. अप्पा त्या कार्डानं दात कोरत, नाहीतर तराजूच्या हलणाऱ्या पायाखाली ते सारत. एकदा इचलकरंजीच्या एका सूतवाल्याचं कार्ड असंच पायाखाली जाणार होतं. विद्याश्रीनं ते हातात घेतलं. अक्षरं उठावाची होती. तिनं डोळे मिटून त्यांवरून अंगठा फिरवला आणि कार्ड वहीत ठेवलं. तिथून तिला हा नाद लागला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, कार्ड म्हणजे काय, नाव आणि पत्ता. तसं नसतं. आजऱ्याच्या एका काजूवाल्यानं कार्डच काजूच्या आकारात कापून घेतलं होतं. नृसिंहवाडीच्या पेढेवाल्याच्या कार्डावर दत्ताचा फोटो होता, म्हणून त्याला पायदळी टाकायची कोणाची छाती होत नसे. एका चपला करणाऱ्यानं तर पातळ चामड्यावरच नाव छापलं होतं. त्या पानाला अजून वास येतो. मलकापूरच्या एका फोटोग्राफरनं कार्डावर स्वतःचाच फोटो छापला होता, आणि तोही हललेला! कित्येकांच्या घरी फोनच नसे. ते शेजाऱ्याचा नंबर छापत आणि पुढे 'पी.पी.' लिहीत. म्हणजे फोन शेजारी वाजायचा आणि शेजारीण हाक मारायची. विद्याश्री ही सगळी कार्डं माझ्या काळ्या पानांवर कागदी कोपऱ्यांत अडकवून ठेवी. डिंक तिनं कधी लावला नाही. "चिकटवलं की पाठ दिसत न्हाई," असं ती म्हणे. आणि पाठीवरच तर माणसं काहीबाही खरडून ठेवत.

शेजारचे विचारत, "ह्याचा उपयोग काय गं?"

ती म्हणे, "काय न्हाई."

हे उत्तर ऐकून माणसं चिडत. का ते मला कधी समजलं नाही. अंगणात रांगोळी काढणाऱ्या बाईला कोणी विचारतं का, उपयोग काय?

मग तिला स्थळं येऊ लागली. गडहिंग्लजकडून राजशेखर नावाचा मुलगा बघायला आला. कारखान्यात नोकरी, घरची बागायत, जातीतलाच. अप्पा सकाळपासून धोतराचा सोगा सारखा करत होते. सोबत मुलाचे मामा होते, मोठ्या आवाजाचे. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं, मग मामांनी ठेवणीतला प्रश्न काढला.

"छंद काय हाय पोरीला?"

अव्वानं शिकवून ठेवलं होतं, वाचन आणि भरतकाम म्हण. विद्याश्रीनं सरळ सांगितलं, "व्हिजिटिंग कार्डं जमवायचा."

"कसली? लग्नाची?"

"न्हाई. धंद्याची."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी मला मागवलंच. माझ्यावरचं 'शुभविवाह' वाचून त्यांना दुसरा ठसका लागला. राजशेखरनं मला मांडीवर घेतलं आणि पोह्याच्या तेलकट बोटांनी पानं उलटायला लागला. तो डाग माझ्या तिसऱ्या पानावर अजून आहे. एका पानावर तो थांबला. पंप दुरुस्त करणाऱ्या एकाचं कार्ड होतं.

"हे बरं सापडलं. आमचा पंप बंद हाय," असं म्हणत त्यानं ते कार्ड ओढून काढलं आणि खिशात घातलं.

विद्याश्री म्हणाली, "नंबर लिहून घ्या. कार्ड परत ठेवा."

तो हसला. "एक कार्ड तर हाय."

"माझं हाय ते."

अप्पांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मामांनी कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "शिवमूर्ती, आधीच सांगून ठेवतो. असला कचरा आमच्या घरात चालायचा न्हाई. पोरगी येईल ती ह्ये सगळं हितंच ठेवून येईल."

"मग पोरगी बी चालायची न्हाई," विद्याश्री म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. पण तिनं मला राजशेखरच्या मांडीवरून उचलून आपल्यापुढे ठेवलं. राजशेखरनं खिशातून कार्ड काढलं आणि टाकल्यासारखं माझ्यावर ठेवलं. त्याचा कोपरा दुमडला होता. पाहुणे निघून गेले.

त्यानंतर घरात जे झालं ते सांगवत नाही. अप्पा ओरडले, आधी मराठीत, मग कानडीत. "कागदाच्या कपट्यापायी सोन्यासारखं स्थळ घालवलंस!" गल्लीत बातमी पसरली. पुढची स्थळं वाटेतूनच परत जाऊ लागली. अप्पांनी लेकीशी बोलणंच टाकलं. दुकानात शेजारी बसून ते गड्याला सांगत, "तिला म्हणावं, ताडपत्रीचा गठ्ठा सोड." आणि ती गड्याला सांगे, "अप्पास्नी म्हणावं, सोडलाय." अव्वा दोघांच्या मधे भरडली जात होती. पण ती माहेरी गेली की येताना पदराच्या गाठीला एखादं कार्ड बांधून आणी आणि मुकाट्यानं माझ्यात ठेवून देई.

विद्याश्री रात्री रडली असेल, मी नाही म्हणत नाही. पण दिवसा तिनं मान खाली घातलेली मी पाहिली नाही. ती दुकान चालवत राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिली, "पावणं, कार्ड हाय का?" माझी पानं भरत गेली. कार्डांवर पेजरचे नंबर आले आणि गेलेसुद्धा. फोनच्या नंबरांत आकडे वाढत गेले. कोणाचा धंदा मोडला, कोणी जागा बदलली. पण माझ्यात सगळे आपापल्या जागी होते.

मग मोबाइल आले. माणसं कार्ड द्यायच्याऐवजी "मिस कॉल देतो" म्हणू लागली. गल्ल्यावर कार्ड येणं हळूहळू थांबलं. दुकानाचा व्याप वाढला होता, विद्याश्रीला मान वर करायला फुरसत नव्हती. मी माडीवरच्या कपाटाच्या डोक्यावर गेलो. धूळ बसली, कसरीनं माझा एक कोपरा कुरतडला. मित्रांनो, खरं सांगू? हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नव्हतं. पण विसरलं जाणं कठीण असतं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात माडीची कौलं सरकली आणि पाणी थेट माझ्यावर गळू लागलं. विद्याश्री आणि अव्वा आजऱ्याला नातेवाइकांकडे गेल्या होत्या. घरात एकटे अप्पा. गळती बघायला ते वर आले, तेव्हा माझं रेक्झिन फुगलं होतं आणि पाणी पानांत शिरत होतं. त्यांनी मला उचललं. मला वाटलं, झालं, आता रद्दी.

अप्पांनी मला खाली नेलं. शेगडी पेटवली. पंचा घेतला आणि माझं एकेक पान टिपायला बसले. तोंडानं शिव्या चालूच होत्या. "ह्या कार्टीनं माझी इज्जत घालवली, आन् मी हितं तिचं कागद शेकत बसलोय." ओली कार्डं कोपऱ्यांतून सोडवून ते पाटावर मांडत होते. मांडता मांडता चष्मा लावून वाचायलाही लागले. आणि एका कार्डावर त्यांचा हात थांबला.

'बाळासो सुतार. बैलगाड्या व शेतीची अवजारे. पी.पी.'

बाळासो त्यांचा तालमीतला जोडीदार. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचं दुकान पाडून तिथे आता दुसरीच इमारत उभी होती. अप्पांनी कार्ड उलटं केलं. पाठीवर बाळासोच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शिवमूर्ती, दोर बरा निघाला. पुढच्या खेपेला बी ह्योच दे.'

शेगडीतल्या निखाऱ्यांची राख झाली. मग त्यांनी ते कार्ड पंच्याच्या कोरड्या टोकानं पुसलं आणि कोरड्या झालेल्या पानावर, होतं त्याच कोपऱ्यांत, परत बसवलं.

विद्याश्री परतली, तेव्हा मी बैठकीच्या टेबलावर होतो. तिनं माझी पोटफुगी पाहिली, बोटं फिरवली, कार्डं मोजल्यासारखी बघितली. मग अप्पांकडे पाहिलं. अप्पा पेपरामागून म्हणाले, "गळत हुतं वर. कपाटाच्या डोस्क्यावर ठेवतंय व्हय कोण?"

त्या भांडणानंतर गड्याला मधे न घालता ते लेकीशी बोलले, ते हे पहिलं वाक्य.

पुढच्या हिवाळ्यात गावात छंदांचं एक प्रदर्शन भरलं. विद्याश्री मला घेऊन नाव द्यायला गेली. व्यवस्थापक होते अमरसिंह नावाचे गृहस्थ, जुनी नाणी जमवणारे. त्यांनी मला दोन बोटांनी उघडलं आणि मिटलं.

"ताई, नाण्याला किंमत असते. तिकिटाला किंमत असते. ही तर फुकट वाटायची कार्डं. ह्याला संग्रह म्हणत नाहीत."

"विकत घेतलेलं कुणीबी जपतंय," विद्याश्री म्हणाली. "फुकटचं जपून दाखवा."

तरी त्यांनी टेबल दिलं नाही. पण तिनं माघार घेतली नाही. प्रदर्शनाच्या दिवशी ती सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर बसली, पुढे एक ताडपत्री अंथरली आणि तिच्यावर मला उघडून ठेवलं. पहिल्यांदा माणसं ओलांडून गेली. मग धोंडुबाई नावाची एक भाजीवाली टोपली टेकायला बसली, तिनं सहज डोकावलं आणि बोट ठेवून म्हणाली, "बया, ह्यो आकारामचा बँड! माझ्या वरातीत हाच वाजलाता की!" तिच्या आवाजानं चार माणसं थांबली. त्या चौघांच्या मागे आणखी आली. कोणाला आपल्या आळीतलं बंद पडलेलं सायकलचं दुकान सापडलं, कोणाला पहिला मालक, कोणाला स्वतःचंच नाव, जुन्या पत्त्यासकट. तिकीट काढून आत गेलेले लोकसुद्धा गलका ऐकून बाहेर आले.

दुपारी अमरसिंह पायऱ्या उतरून आले. घाम पुसत म्हणाले, "ताई, आत मधलं टेबल रिकामं करून दिलंय. चला."

विद्याश्रीनं वर पाहिलं. "राहू द्या. हितं उजेड बरा हाय."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अप्पा आले. हातात दुकानातली लाकडी खुर्ची होती. ती त्यांनी लेकीच्या शेजारी पायरीवर ठेवली, बसले, आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, "ओ पावणं! बघायचं तर बघा, पर हात पुसून पानं उलटायची! माझ्या पोरीचं हाय त्ये!"

मित्रांनो, अशा वेळी आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी 'मला जपा हो' म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला जपणारी होती, तिनं एकटीनं साऱ्या गावाविरुद्ध मला जपलं. तुम्ही तुमचं बघा. तुम्हाला काही आवडत असेल, दगड, पिसं, काड्यापेट्या, काहीही, आणि कोणी 'उपयोग काय?' म्हणून विचारलं, तर घाबरून खोटा उपयोग सांगू नका. 'काय न्हाई' म्हणा, आणि पुढचं पान उलटा.

मात्र हात पुसून.