सतरावा आकडा

लेकीला नोकरी लागली ती नेमकी बाबांच्याच जुन्या कंपनीत, आणि पहिलं काम मिळालं ते बाबांनी बावीस वर्षांपूर्वी लिहिलेलं व्हर्च्युअल मशीन मोडीत काढायचं. कंपनीच्या सगळ्या लिफ्टचे प्रोग्राम या सॉफ्टवेअरच्या संगणकावर चालायचे. महिनाभर तिने घरात ताकास तूर लागू दिली नाही. पण एका रविवारी बाबांचे जुने साहेब चहाला आले आणि बोलता बोलता हे बोलून गेले.

साहेब गेल्यावर बाबांनी विचारलं, "माझ्या स्टॅकला काय धाड भरलीय?"

"बाबा, तुमच्या मशीनमध्ये प्रत्येक आकडा त्या स्टॅकच्या चळतीवर ठेवायचा, वरचे दोन उचलायचे, बेरीज परत वर ठेवायची. नुसती उचलठेव. मी सोळा रजिस्टर दिलीत. नंबर घातलेले खणच समजा. तिसऱ्यातलं नि पाचव्यातलं मिळव, सातव्यात ठेव. एका सूचनेत काम."

"आणि कुठल्या खणात काय ठेवायचं, हे कोण ठरवणार?"

"कंपायलर. प्रोग्रामचं मशीनच्या सूचनांत रूपांतर करतानाच तो ठरवेल."

"तो कोण लिहिणार?"

"मी," लेक म्हणाली, जरा हळूच.

बाबा आत गेले ते जेवायलाच बाहेर आले. हातात कागद होता. त्यावर एकच गणित, कंसात कंस, पानभर. "हे चालव."

लेकीचा कंपायलर मधेच आडवा झाला. सोळाही खण भरले होते, सतरावा आकडा ठेवायला जागाच नव्हती. जुन्या मशीनने मात्र निमूट उत्तर दिलं. बाबा त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

चार दिवस लेक कंपायलर दुरुस्त करत बसली. पाचव्या दिवशी तिने तेच पान पुन्हा चालवलं. उत्तर बरोबर आलं, तेही जवळजवळ निम्म्या वेळात. बाबांनी चष्मा पुसून आकडे दोनदा वाचले.

"सतरावा कुठे ठेवलास?"

"खण भरले की जास्तीचे आकडे मेमरीत उतरवते. लागले की परत आणते."

"कसे उतरवतेस?"

लेकीने मान खाजवली. "एकावर एक."

"म्हणजे चळतच."

"तात्पुरती."

बाबांनी लगेच साहेबांना फोन लावला. "साहेब, पोरीने स्टॅक ठेवलाय बरं का."

"वेळ निम्मा लागतो, तेही सांगा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांनी घसा खाकरला. "आणि हो, वेळ निम्मा लागतो," ते म्हणाले. "शेवटी मुलगी कोणाची."