‘ख’चा खण

रेगेन्सबर्गच्या त्या घरात चाळीस वर्षं श्रीधररावांचा डच शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश चालला आणि चाळीस वर्षं त्याची कार्डं त्यांच्या पत्नी अहिल्याबाईंनी लिहिली. खण त्यांनी आपल्या मुळाक्षरांप्रमाणे लावले होते, शब्द कानावर पडेल तसा. डच माणूस ‘ग’ घशातून खाकरून काढतो, म्हणून ‘गेझेल’ गेला ‘ख’मध्ये. कुठलं कार्ड कुठे, ते बाईंनाच ठाऊक.

‘गेझेल’ म्हणजे सोबती. श्रीधरराव वर्षानुवर्षं सांगत, एका दोराला जुंपलेले ते सोबती. मग एका मठातल्या जुन्या पोथीच्या समासात बाईंना त्याचं जुनं जर्मन रूप ‘गिसेल्लो’ सापडलं. त्याचं मूळ ‘साल’, म्हणजे दालन. एका दालनात राहणारे ते सोबती. आजचा जर्मन ‘गेझेले’ही त्याच घरातला. श्रीधररावांनी दोर सोडला, दालन धरलं. आता ती नोंद छापायला निघाली होती आणि तिच्याखाली आपलं नाव यावं, एवढंच बाईंना हवं होतं.

शनिवारी गौरांग हा संशोधक विद्यार्थी कॉफीला आला. श्रीधररावांनी हौसेनं खण उघडले.

“बघ आमच्या मंडळींचं शास्त्र. पोळपाटावर कोश लाटलाय.”

गौरांग हसला. मग त्यानं विचारलं, काकूंचं नाव घालणार ना?

“आल्झो, असं असेल तर मग भांडी घासायच्या मशीनचंही घालावं लागेल.”

बाईंनी गौरांगच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.

सोमवारी संपादकांचं पत्र आलं. पोथीचं नाव आणि पान शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर नोंद वगळू. ‘गिसेल्लो’ सापडला त्या वर्षी दोघांनी वीस मठ पालथे घातले होते. श्रीधररावांना काहीच आठवेना. बुधवारी त्यांनी ‘ख’चा खण उपसला. मग ‘ग’, मग ‘ज’. शहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांवर. शुक्रवारी त्यांचा आवाज खाली आला.

“अगं, तुझ्या लक्षात असेल. सांग ना.”

लक्षात होतं. पोथी, पान, ओळ, मठातला गारठा, त्यांनी बाईंच्या खांद्यावर घातलेला स्वतःचा कोट, सगळं. आणि आपल्याच हातानं रद्दीच्या निळ्या डब्यात टाकलेलं, मंगळवारी गाडीत पडलेलं ते कार्डही.

“अहो, मशीनला विचारा.”

मुदत टळली तेव्हा ते जमिनीवरच होते. उठायला आधार म्हणून त्यांनी हात पुढे केला. बाईंनी त्या हातात चहाचा कप दिला.