दोन पासवर्ड

सुपारी फोडायच्या दिवशी पाहुण्यांनी दिपालीला विचारलं, "पोरी, तुला काय पाहिजे ते आत्ताच सांग, मागनं म्हणू नको." अशा वेळी मुलीनं मान खाली घालून "काय नको" म्हणायचं असतं. दिपालीनं मान खाली घातली, पण म्हणाली, "मला लॅपटॉप पाहिजे. टचस्क्रीनचा."

ओसरीवर बसलेले तिचे वडील, ज्ञानबाआप्पा, उगाचच खाकरले. शेवटी नवऱ्या मुलाची आई, कस्तुराबाई, म्हणाल्या, "घिऊ की. सोनं घालून पेपर लिवता येत न्हाईत." तेव्हा माणसं हसली, सुपारी फुटली, आणि लग्न वैशाखात धरलं.

दिपाली सोलापूरला विद्यापीठात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला होती. गाव सांगोल्याच्या बाजूला. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मुलगा, बिरुदेव, माळशिरसकडचा, श्रीपूरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. त्याच्या बायोडेटावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'बी.एस्सी. केमिस्ट्री'. आप्पांनी तो कागद चार वेळा वाचून घेतला होता. लग्नानंतर सुनेला शिकवू, असं त्या लोकांनी कबूल केलं होतं. पण कबूल करणारी माणसं पुढं कशी विसरतात ते दिपालीनं दोन चुलत बहिणींच्या संसारात बघितलं होतं. लग्नाआधीच लॅपटॉप घेतला, तर उद्या "कशाला शिकतीस" म्हणायला कुणाचं तोंड उघडणार नाही, असा तिचा हिशोब.

पण सुपारीपासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. होस्टेलच्या खोलीत ती फोनवर एकामागून एक लॅपटॉप बघत बसे. एकाची बॅटरी चांगली तर स्क्रीन चकाकणारी. एकाला पेन मिळतं, पण तो जड. आज एक पक्का करावा, उद्या त्याच्याबद्दल कुणीतरी वाईट लिहिलेलं सापडावं. तिच्या खोलीतली चैताली, माढ्याची, एकदा म्हणाली, "नवरा पसंत करायला तुला एक दुपार लागली, आणि लॅपटॉपला पंधरा दिवस झाले."

चैताली चेष्टेनं म्हणाली होती, पण दिपालीला ते सहन झालं नाही. ती दिवसभर तिच्याशी धड बोलली नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती चैतालीशिवाय कुणाला माहीत नव्हती. दिपालीला फोनवर गेम खेळायचा नाद होता. रंगीत खडे जुळवायचे, ओळी फोडायच्या, असला साधा खेळ. अभ्यासातून उठली की ती पंधरा मिनिटं खेळायची, आणि पंधराची कधी पाऊण तासही व्हायची. टचस्क्रीन तिला रासायनिक सूत्रं हातानं काढायला हवी होती, हे खरंच. पण मोठ्या पडद्यावर बोटांनी ते खडे सरकवायचे, हाही एक विचार मनात होताच. लग्न ठरलेल्या मुलीनं असलं काही सांगायचं नसतं.

मार्चअखेरीस कारखान्याचा हंगाम आटोपला आणि एका रविवारी बिरुदेव आईला घेऊन एसटीनं सोलापूरला आला. दिपाली स्टँडवर उभीच होती. कस्तुराबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. बिरुदेव नुसता हसला. फोनवर तासतास बोलणारा माणूस, आज रिक्षात शेजारी बसून बाहेर बघत होता. दोनदा तो काहीतरी म्हणायला वळला आणि "ऊन लई हाय" एवढंच बोलला.

नव्या पेठेतलं दुकान छोटं होतं, पण गार होतं. काउंटरवर मल्लेश नावाचा विक्रेता होता. फोनवर कुणाशी तरी तेलुगूत बोलणं आवरून तो यांच्याकडे वळला.

"कशासाठी पाहिजे, ते आधी सांगा. त्यावर सगळं अवलंबून असतं."

दिपाली "अभ्यासाला" म्हणणार, तोवर बिरुदेवच म्हणाला, "अभ्यासाला. आणि जरा गेमलाबी."

दिपालीनं त्याच्याकडे वळून बघितलं. ह्याला कुणी सांगितलं? त्याचं लक्ष काउंटरवरच होतं.

"मोठे गेम का साधे?" मल्लेशनं विचारलं. "मोठ्या गेमचं मशीन वेगळं. जड असतं, तापतं, बॅटरी दोन-तीन तासांत खलास. टच पाहिजे, अभ्यास पाहिजे, तर हा बघा." त्यानं एक करडा लॅपटॉप उघडला आणि पडदा मागं मागं नेत पार उलटा दुमडला. पाटीसारखा झाला. "असा हातात धरून लिहायचं. साधे गेम आरामात चालतात."

कस्तुराबाईंनी विचारलं, "मोडत न्हाय का असा?"

"नाही आजी. त्यासाठीच केलाय."

बिरुदेवनं पेन हातात घेतलं आणि पडद्यावर एक समीकरण लिहून बघितलं. मग त्यानं प्रश्न सुरू केले. पुस्तकाची पीडीएफ उघडून तिच्यावरच खुणा करता येतात का? लांबलचक समीकरण लिहिलं तर पुसून परत लिहिता येतं का? रात्रपाळीला नेला तर चार्जरशिवाय किती वेळ चालेल?

दिपाली ऐकत राहिली. हे सगळे तिनं विचारायचे प्रश्न होते, शेवटचा सोडून. रात्रपाळी तिला कुठं होती?

मल्लेशनं तिच्याकडे लॅपटॉप सरकवला. "मॅडम, तुम्हीपण हात लावून बघा. टच कसाय ते कळेल," म्हणत त्यानं एक गेम उघडून दिला. खड्यांचाच होता, वेगळ्या रंगांचा. दिपालीनं एक खडा सरकवला, दुसरा सरकवला, आणि मग बोटं तिच्या ताब्यात राहिली नाहीत. भराभर ओळी फुटत गेल्या, आकडे वाढत गेले. तिनं मान वर केली तेव्हा तिघंही तिच्याकडे बघत होती.

"मॅडमना सवय दिसतीय," मल्लेश म्हणाला.

दिपालीचे कान तापले. तिनं हात मागं घेतला. कस्तुराबाई पडद्यावर वाकल्या, डोळे बारीक करून त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "आमी मेंढरामागं असताना दगडावर रेघा वडून वाघ-बकरी खेळायचो. दीस कुटं जायाचा कळायचं न्हाय. हे बी तसलंच दिसतंय." आणि त्यांनी आपलं जाड बोट पडद्यावर टेकवलं. खडा सरकला, तशा त्या दचकल्या आणि हसल्या.

दिपालीचा जीव हलका झाला. हाच घ्यावा, असं तिच्या मनानं त्या क्षणी घेतलं. पण तेवढ्यात बिरुदेव मल्लेशला हळूच विचारताना तिनं ऐकलं, "ह्याच्यावर दोघांचे दोन पासवर्ड ठेवता येतात का? म्हणजे माझं काय हाय ते हिला दिसायला नको, असं?"

ती कस्तुराबाईंकडे वळून म्हणाली, "आत्या, तुम्ही बसा जरा. आम्ही रस पिऊन येतो."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुकानालगतच्या रसवंतीच्या ताडपत्रीखाली दोघं उभी राहिली. रस सांगायचंही तिला सुचलं नाही.

"माझ्यापासनं काय लपवायचंय तुम्हाला?"

"काय न्हाय."

"मग दुसरा पासवर्ड कशाला? कुणाशी बोलता का? असलं तर आत्ताच सांगा. पत्रिका छापायच्यात अजून."

बिरुदेवनं कपाळावरचा घाम पुसला. "कुणाशी बोलत न्हाय. दिपाली, माझं बी.एस्सी. झालेलं न्हाय."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"शेवटच्या वर्षाचा एक विषय राहिलाय. फिजिकल केमिस्ट्री. तीनदा बसलो, तीनदा गेला. मग नोकरी लागली आणि राहूनच गेलं. आता जुन्या अभ्यासक्रमाच्या पोरांना शेवटची संधी दिलीय. मे महिन्यात पेपर हाय."

"मे महिन्यात आपलं लग्न आहे."

"लग्नानंतर आठ दिवसांनी हाय. म्हटलं, तेवढे दिवस लॅपटॉप रात्रपाळीला नेऊन गुपचूप अभ्यास करावा, पास व्हावं आणि मग सांगावं. मामांनी बायोडेटात तसं छापलं, तेव्हा मी गप्प बसलो. तू एम.एस्सी.ची. तुला कसं सांगणार?"

दिपालीला आधी काहीच वाटलं नाही. मग एकदम इतकं वाटलं की हातातली पर्स तिनं घट्ट आवळून धरली. पंधरा दिवस आपण बॅटरी बघत बसलो, आणि माणूस कागदावरनं घेतला.

"तूपण गेमचं लपवलंसच की," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मागं एकदा चैतालीनं तुझा फोन उचलला, तेव्हा तिच्या बोलण्यात आलं, म्हणून कळलं. मी काय राग धरला का? आत मुद्दाम मीच गेमचं नाव काढलं, तुला संकोच नको म्हणून."

"खेळणं लपवलं मी. त्याच्यावर माझ्या बापानं सोयरीक नाही केली."

चाहूल लागून दोघांनी एकाच वेळी मागं बघितलं, तर दुकानाच्या पायरीवर कस्तुराबाई उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे.

"बिरू," त्या म्हणाल्या, "इषय राहिलाय म्हंजी काय? पास न्हाईस तू?"

"न्हाय, आई."

"मी गावभर पेढं वाटलं हुतं."

एवढंच बोलून त्या पायरीवरून उतरल्या आणि उन्हातून रिक्षांच्या दिशेनं एकट्याच चालू लागल्या. बिरुदेव त्यांच्यामागं धावला. लॅपटॉप काउंटरवरच राहिला. दिपालीनं आत जाऊन मल्लेशला सांगितलं, "आज नको." त्यानं लॅपटॉप मिटून ठेवला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. वर्गात फळ्यावर काय चाललंय ते कळेना. आप्पांना फोन लावायचा, त्यांचा "हां, बोल बाय" ऐकायचा आणि जेवलात का, मेंढरं कुठं बसवली, असलं विचारून ठेवून द्यायचा. सांगितलं तर आप्पा तिथल्या तिथं सोयरीक मोडतील. नाही सांगितलं तर आपणही त्या खोट्यात आलो. चैताली म्हणाली, "तुला स्वतःला काय पाहिजे ते ठरव की आधी." तेच ठरत नव्हतं. रागाच्या मधूनच तिला बिरुदेवचा पेन धरलेला हात आठवे. किती मन लावून त्यानं ते समीकरण लिहून बघितलं होतं, आणि ते चुकलेलं होतं. दुकानात तिला चूक दिसली होती, पण तेव्हा ती घाईत झाली असेल असं तिनं धरलं होतं.

चौथ्या दिवशी तिनं बिरुदेवला फोन केला. "आप्पांना तुम्ही सांगायचं. फोनवर नाही, समोर जाऊन. मी रविवारपर्यंत थांबते. नंतर मी सांगेन, आणि मग मला परत फोन करू नका."

"व्हय," तो म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी आप्पांचा फोन आला. "बिरुदेव आला हुता. मोटारसायकलवर, एकटाच. मी मेंढरं कोंडायच्या वाघरीपाशी हुतो. तिथंच हुबा राहून सगळं बोलला."

दिपाली पलंगावर बसली.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय. आठवडा झाला."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

"त्याच्या मामाला मी सोडणार न्हाय," ते शेवटी म्हणाले. "पण पोरगं सोता आलं. मारलं असतं तर मार खायला आलं हुतं. वैशाखातलं लगीन रद्द केलं मी. सोयरीकीचं तुजं तू बघ. मला आता कागद वाचून काय कळत न्हाय."

पुढच्या सोमवारी दिपाली एकटीच नव्या पेठेत गेली. वर्षभर शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे तिच्याकडे होते. कमी पडले ते मल्लेशनं हप्त्यावर बसवून दिले. तोच करडा, दुमडणारा लॅपटॉप तिनं वीस मिनिटांत घेतला. मल्लेशनं विचारलं, "पासवर्ड किती ठेवू?"

"एक," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं बिरुदेवला स्वतःहून फोन केला. लग्नाबद्दल अवाक्षर काढलं नाही. कुठला धडा अडलाय तेवढं विचारलं. मग रोज संध्याकाळी तासभर ती पडद्यावर पेननं लिहायची आणि तो तिकडे फोनवर बघायचा. शिकवताना ती चिडायची. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली की "लक्ष कुठाय तुमचं?" म्हणून ओरडायची. तो मुकाट परत लिहायचा. कधीतरी मागं कस्तुराबाईंचा आवाज यायचा, "वरड बाय, वरड, त्यो तसाच शिकतोय." लेकाशी त्या अजून कामापुरतंच बोलत होत्या.

मे महिन्यात पेपर झाला आणि जुलैत निकाल लागला. शंभरातले चव्वेचाळीस, म्हणजे पास. बिरुदेवनं फोनवर आकडा सांगितला तेव्हा दिपालीला स्वतःच्या कुठल्या निकालाला झाला नव्हता एवढा आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच तिला राग आला.

आप्पांनी विचारलं, "मग? काय म्हणू त्यास्नी?"

तिनं दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या वर्षाचे तास सुरू झाले होते, प्रॅक्टिकलच्या वह्या अपुऱ्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिनं गावी फोन लावला.

"आप्पा, त्यांना म्हणा, सोयरीक मोडली नाही. पण लग्न माझी एम.एस्सी. झाल्यावर. आणि पत्रिकेत त्यांच्या नावापुढं काय छापायचं ते त्यांनी स्वतः लिहून द्यायचं, मामांनी नाही."

"आन् तवर तुजं मन बदललं तर?"

"तर तेपण सांगेन. तुम्हाला पहिल्यांदा."

"बरं," आप्पा म्हणाले. "येतीस कधी गावाकडं?"

"वह्या झाल्या की येते," दिपाली म्हणाली, आणि फोन ठेवून लिहायला बसली.