ताल बदलला तवा

माणूस काय फुकट दिऊ लागला की मी आदी बघतो, ह्येच्या मागं काय हाय. शिरवळचा ऋषिराज शेठ त्येच्या कंपनीच्या, पैलवानांच्या पावडरीचे चार डबे माझ्या दारात ठिऊन गेला, तवाच म्हनलं, नाथाजी, पाणी कुठंतरी मुरतंय.

मी हलगीवाला. कवठे महांकाळच्या अंगाला जेवढ्या जत्रा, तेवढ्यांत कुस्त्यांच्या मैदानावर हलगी बडवत चाळीस वर्सं गेली. आमी वाजवायचं आन् दुसऱ्यांच्या पोरांनी लढायचं, ही बापजाद्यांपासनं रीत. ती मोडली माझ्या पूजानं. एकोणीस वर्साची पोरगी, पर औंदा गावच्या जत्रंत शेवटची कुस्ती तिची, साताऱ्याच्या कीर्तीसंगं.

आठ दिस आदीच वेशीवर बोर्ड लागला. ह्यो मोठा फोटो पूजाचा, हातात शेठचा डबा, खाली लिवलेलं, ‘विजेतीची ताकद’. ज्या वेशीतनं माझा आजा चपला हातात घिऊन जायाचा, तिथं माझी लेक! छाती फुगली, खोटं कशाला बोलू? पर मागनं डोस्क्यात किडा वळवळला. कुस्ती व्हायची हाय अजून. मग विजेती कुठली रं?

त्यात पूजा फोन आला की परसात जायाची. मी गेलो की फोन बंद.

"कुणाचा गं?"

"मैत्रिणीचा, आबा."

मैत्रिणीसंगं बोलताना तोंड आसं लाल होतंय व्हय? चाळीस वर्सांत नुरा कुस्त्या लय बघितल्या मी. नुरा म्हंजी आदीच ठरवल्याली. पडायचं कुणी, उठायचं कुणी, सगळं घरातनंच शिकून आल्यालं. माझी पोरगी त्यात आसली तर? भाकरी गोड लागंना. ईचारावं तर धाडस हुईना. ती व्हय म्हनली आसती तर मी कुठं तोंड दावनार हुतो?

पर नुरा वळखायची खूण माझ्यापाशी हाय, पंचालाबी ठावं न्हाई. खऱ्या कुस्तीत पैलवानाला हलगी ऐकू येत न्हाई. त्येचा जीवच समोरच्याच्या हातात आडकल्याला आसतोय. नुऱ्यातला मातूर मोकळ्या डोस्क्यानं लढतोय, आन् त्येचा पाय आपसुक तालावर पडतोय. ताल बदलला की पाय बदलतोय.

जत्रंच्या दिशी पाचटाच्या जाळावर हलगी शेकली. पूजानं नेहमीसारकी ती खांद्याला आडकवून मैदानात आनली. ल्हान हुती तवापास्नं जाताना-येताना हलगी तिच्याच खांद्यावर. मला कवा उचलू दिली न्हाई तिनं.

सलामी झाली. पोरी भिडल्या. शेठ फुडंच खुर्ची टाकून बसल्याला, फोटोवाला शेजारी. मी चांगला वाजवत हुतो, आन् मदीच ताल मोडला. संथ केला एकदम.

पूजाचे पाय बघितले. काय फरक न्हाई! घोरपडीगत मातीला चिकटल्याली पोरगी. आरं माझ्या वाघिनी! डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

आन् मग कीर्तीचे पाय दिसले. संथ झाल्ते. मी जलद केला, त्ये जलद झाले. म्हंजी शेठनं त्या पोरीला पडाय सांगितल्यालं. माझी जीव तोडून लढतीया, आन् जिंकली तरी ती बोर्डावरची खोटीच कुस्ती.

कीर्ती पाठीवर गेलीच. एक खांदा मातीला, दुसरा टेकायचाच ऱ्हायला. मी हलगी थांबवली.

हलगी ऐकू येत न्हाई, पर थांबली की सगळ्यांस्नी कळतंय. कुस्ती निकाली झाल्याबिगर मी कवा थांबलो न्हाई, ह्ये पूजाला पक्कं ठावं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग खालच्या पोरीकडं. ती सुटाय जोरच लावत न्हवती. हात सोडला आन् उठून हुबी ऱ्हायली.

"ऊठ. आता खरी लढ."

कीर्तीचं तोंड उतरलं. मग तिनं दोन्ही हातानी माती उचलून अंगाला चोळली, आन् जी काय भिडली! मी वाजवलं, पर पायाकडं बघितलं न्हाई. पाच मिनटात कीर्तीनं ढाकंचा डाव मारला आन् माझ्या पूजाला चितपट केली. माणसं फेटे उडवाय लागली. दोघी पोरी मातीतच गळ्यात पडल्या, कीर्ती तिच्या कानात कायतरी बोलली. शेठची खुर्ची मोकळी.

दिस कलला. तिकडं वेशीवर शेठची माणसं शिडी लावून बोर्ड उतरवत हुती.

"हरले मी, आबा," पूजा म्हनली. तोंडावर माती, पर हसत हुती.

"हरूं दे गं. लाखात एक लढलीस."

"त्या डब्याला मी हातबी लावला न्हवता. फोटुत चिकटवला त्यांनी. बोर्ड काढा म्हणून रोज शेठसंगं फोनवर भांडत हुते. तुमी चिडशीला म्हणून बोलले न्हाई."

मी मान हलवली. मग तिचं हसू हळूहळू गेलं.

"कीर्ती म्हनली, तुझ्या आबानं ताल बदलला आन् माझा पाय फसला." ती माझ्याकडं बघत हुती. "तिच्यावर तुमचा संशय न्हवता. तिला तर तुमी आजच बघितली. मग ताल कुणासाठी बदललासा, आबा?"

माझी नजर तिच्या पायाकडं गेली.

पूजानं पाठ फिरवली. मग चालाय लागली. हलगी मैदानाच्या कडंला तशीच पडल्याली. मी वाकलो आन् सोताच उचलली.