बदामीची सोबतीण

मित्रांनो, मी एक म्हातारी गाढवी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही.

माझा जन्म एका चुनाभट्टीवर झाला. तिथं सगळंच पांढरं होतं. रस्ता पांढरा, पत्रे पांढरे, माणसांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी वर्षाची असताना मला कडक ताप भरला. आठ दिवस मी पडून होते. भट्टीवाल्यानं माझी आशाच सोडली होती. नवव्या दिवशी मी धडपडत उठले आणि हौदावर जाऊन पाणी प्यायले. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "काटक जात आहे! हिला काही होत नाही." मला ते ऐकायला फार आवडायचं. पुढची कितीतरी वर्षं मला खरंच काही झालं नाही.

भट्टी बंद पडली तेव्हा मला लाकडाच्या वखारीत आणलं गेलं. काम करायला नव्हे, सोबत करायला. वखारीचा गाडीवान होता, त्याची एक घोडी होती. बदामी तिचं नाव आणि रंगही तसाच. ती फळ्यांनी भरलेली गाडी ओढायची, पण तबेल्यात एकटी राहायची नाही. दारावर लाथा मारायची, चारा तुडवायची. कुणीतरी सांगितलं, सोबतीला गाढव बांधा, शांत होईल.

पहिल्या दिवशी बदामीनं मला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि मोठा सुस्कारा टाकला. दुसऱ्या दिवसापासून लाथा बंद. गाडीवान खूश! म्हणाला, "पाहिलंत? घोडीला अक्कल यायला गाढव लागलं!"

उन्हाच्या वेळी आम्ही उलटसुलट उभ्या राहायचो. माझी शेपटी तिच्या तोंडावरच्या माश्या हाकायची, तिची माझ्या. कधी ती दातांनी माझी मान खाजवायची. माझ्या आईनंतर मला असं कुणी खाजवलं नव्हतं.

गाडीवानाच्या बायकोला सगळे काकू म्हणत. रोज दुपारी आम्हाला पाणी दाखवलं की काकू रॉकेलचा डबा घेऊन यायची. आमच्या कानांमागे, आयाळीत, शेपटीखाली, जांघेत बोटं फिरवायची. गोचीड सापडली की ती ओढून डब्यात टाकायची आणि म्हणायची, "फुकटखाऊ मेली!" बदामीला गुदगुल्या व्हायच्या. ती कातडी थरथरवायची, की काकू तिला दटावायची, "नीट उभी राहा गं, लग्नाला नाही चाललीस."

मग काकूच्या लेकीला दिवस गेले आणि तिची तब्येत नाजूक झाली. काकू चार-पाच महिन्यांसाठी तिच्याकडे निघाली. जाताना तिनं नवऱ्याला बजावलं, "अहो, गोचिडी बघत जा हं रोज."

"बघतो, बघतो. तू निघ, गाडी चुकेल."

तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. चारा वेळेवर द्यायचा, खूर साफ करायचा. पण गोचिडींचं नाव काढलं की हात झटकायचा. म्हणायचा, "जनावराला गोचिडी असायच्याच." डब्यातलं रॉकेल आटून गेलं. तबेल्याच्या दगडी भिंतीला फटी होत्या. गोचिडी माझं रक्त पिऊन फुगायच्या, टपकन खाली पडायच्या आणि त्या फटींत शिरायच्या. तिथं कात टाकून पुन्हा बाहेर यायच्या आणि जी जवळ सापडेल तिच्या अंगावर चढायच्या. जवळ आम्ही दोघीच होतो.

एका सकाळी बदामी चढावर थांबली. ती कधीच थांबायची नाही. गाडीवानानं गोंजारलं, मग ओरडला, शेवटी अर्ध्या फळ्या उतरवल्या. घरी आली तेव्हा ती घामानं निथळत होती. कोंड्याला तिनं तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची लघवी काळ्या चहासारखी झाली. मग मात्र गाडीवान धावत जाऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

बाईंनी बदामीची पापणी खाली ओढली, ओठ वर केला. हिरड्या पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी तिच्या कानाच्या टोकाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला. मग माझ्याकडे वळल्या. माझ्या कानामागे बोट घातलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी नवी सुई काढली आणि माझंही रक्त घेतलं.

"हिचं कशाला?" गाडीवान म्हणाला. "हिला काय धाड भरलीय? काटक आहे ती."

दुपारी बाई परत आल्या. बदामीला इंजेक्शन दिलं आणि मग गाडीवानाला समोर बसवून सांगितलं, "हा एक बारीक जंतू असतो. गोचिडीच्या तोंडातून रक्तात जातो. तांबड्या पेशींत शिरतो, तिथंच वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. घोडीच्या निम्म्या पेशी फुटल्यात. तुम्ही फार उशीर केलात."

"आणि ही?"

"हिच्या रक्तातही तोच आहे. लहानपणी कधीतरी ताप येऊन गेला असेल. गाढवं बरी होतात, पण जंतू रक्तात राहतो. बहुतेक जन्मभर. हिला चावलेली गोचीड घोडीला चावली."

गाडीवान उठून उभा राहिला. "म्हणजे या गाढवीनं माझी घोडी खाल्ली?"

"गाढवीनं नाही, गोचिडींनी," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि त्या कुणी वाढू दिल्या, ते मी सांगायला नको."

तो पुन्हा खाली बसला. मी बदामीकडे पाहिलं. तिचे पाय सुजले होते, श्वास भात्यासारखा चालला होता. इतक्यात तिनं मान लांबवून माझ्या मानेवर दात टेकवले, नेहमीसारखे. खाजवायची ताकद तिच्यात उरली नव्हती. मला मागं सरकायचं होतं, पण दावं आखूड होतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी बदामी गेली.

काकू आठवड्यानं परतली. हातातली पिशवी खाली न ठेवताच ती तबेल्यात आली आणि रिकाम्या जागेसमोर उभी राहिली. मग तिनं माझ्या कानामागे हात घातला. तिच्या बोटांना द्राक्षांच्या घोसासारख्या गोचिडी लागल्या. ती नवऱ्याला काहीच बोलली नाही. तो दारात उभा होता. एकदा तरी ती ओरडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

महिन्याभरात त्यानं माझ्यासाठी गिऱ्हाईक आणलं. बागेत मुलांना तट्टांवर बसवून फिरवणारा माणूस होता तो. त्यानं माझे दात पाहिले, पाठीवर थाप मारली. "शांत दिसते. बारक्या पोरांना बरी. आजारबिजार काही?"

"हॅ! आजवर शिंक नाही आली हिला," गाडीवान म्हणाला.

"भाऊ, थांबा." काकू पदराला हात पुसत बाहेर आली. "तुमच्याकडं तट्टं किती?"

"तीन आहेत, वहिनी."

"मग हिला नेऊ नका. हिच्या रक्तात रोग आहे. आमची घोडी त्यानंच गेली."

तट्टूवाल्यानं माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला. तो गेल्यावर गाडीवान उसळला, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?"

"बदामी गेली तेव्हा तीन दिवस जेवला नाहीत, असं शेजारीण सांगत होती," काकू म्हणाली. "त्या माणसाची तीन आहेत."

दुसऱ्या दिवशी गाडीवानानं तबेल्याच्या सगळ्या फटी खरवडून, औषध मारून, सिमेंटनं बुजवल्या. त्या दुपारी तो चष्मा लावून माझ्याजवळ बसला आणि स्वतः गोचिडी काढू लागला. त्याला जमत नव्हतं. माझी कातडीच चिमटीत यायची. मी हलले नाही.

आता वखारीत टेम्पो आला आहे. मी भुशाची पोती वाहते. माझ्याशेजारी कुणालाही बांधत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मित्रांनो, तुमच्या दारात एखादं जनावर असेल, तर ते धडधाकट दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्या कानामागे हात घालून बघा. एकाची सुई दुसऱ्याला टोचू देऊ नका. नवं जनावर जुन्याशेजारी बांधण्याआधी त्याचं रक्त तपासून घ्या. आणि तपासात काही निघालं, तर ते लपवू नका. माझ्यासारखीला त्याचा राग येत नाही.

कधी कधी वखारीबाहेरच्या रस्त्यानं एखादं घोडं जातं. टापा ऐकल्या की माझे कान आपोआप उभे राहतात. आम्हा गाढवांचा गळा तुम्हाला ठाऊकच आहे. मी एक साद घातली, तर ते घोडं थांबेल, मान वळवील, कदाचित कुंपणापर्यंत येईलही. मी तोंड घट्ट मिटून उभी राहते. टापा पार विरून जाईपर्यंत.