वर टांगलेला नमुना

साठ.

एकाच पायातला बूट.

तेलाचा धूर, आणि त्यात कुणाची तरी शीळ.

मित्रांनो, मी एक जुना पोलादाचा तुकडा आहे, अंगठ्याएवढा. दातेरी चाकांच्याच सळईतून मला कापलं. त्यांच्याबरोबर भट्टीत जायचं आणि बाहेर येऊन त्यांच्या वतीनं साक्ष द्यायची, हे माझं काम. मला नमुना म्हणतात.

भट्टीत आम्ही लालभडक होतो. तिथल्या वायूतला कार्बन हळूहळू कातडीत मुरतो. मग तेलात बुडवलं की कातडी कठीण होते, गाभा चिवट राहतो. दात झिजू नये आणि मोडूही नये, म्हणून हा खटाटोप.

भट्टी दाजींची. कठीणपणा तपासायची ताई, त्यांची मेहुणी. त्या दिवशीची चाकं ओझं उचलणाऱ्या यारीसाठी होती; ताईचा धाकटा भाऊ ज्या गोदामात माल उतरवायचा, तिथल्या.

"दाजी, किती कोंबलीत! श्वास तरी घेता येईल का त्यांना?"

"अगं, चाकं आहेत ती, तुझ्या बहिणीच्या साड्या नव्हेत. चुरगळत नाहीत. गाडी बाहेर खोळंबलीय."

"आणि कच्ची राहिली तर?"

"नमुना आहे ना. तो खोटं बोलत नाही."

शीळ घालत दाजींनी मला टोपलीत सगळ्यात वर, मोकळ्यावर टांगलं. खाली चाकं गालाला गाल लावून बसली. त्यांच्या फटींत ना वायू शिरला, ना तेल. मी पाहत होतो. पण लोखंडाला कुणी ठोकल्याशिवाय आवाज नसतो.

ताईनं माझ्या अंगात हिऱ्याचं टोक दाबलं. कठीणपणाचा काटा साठावर थांबला, हवा तिथंच.

"पास! शहाणं माझं ते!" तिनं मला फडक्यानं पुसलं. एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

काही महिन्यांत यारीचे दात झिजले आणि ओझं खाली आलं. भाऊ वाचला. पाऊल गेलं.

चाक परत आलं, तेव्हा ताईनं दातावर कानस ओढली. कठीण पोलादावर ती घसरते. इथं रुतली. चंदेरी भुगा पडला.

"तो खोटं बोलत नाही म्हणालात."

"नाहीच बोलला गं," म्हणत दाजी खाली बसले.

खरंच नव्हतो बोललो. मी माझ्यापुरतं खरं सांगितलं होतं.

आता मी खिडकीत कागद दाबून बसतो. मित्रांनो, मोकळ्यावर टांगलेल्या एकाला विचारून सगळ्यांचं ठरवू नका. तळाशी दाटीत बसलेल्यांनाही एकदा विचारा.

ताईनं मला पास केलं, त्या दिवशीही कानस टेबलावर, माझ्या शेजारीच होती.