कॉफी निकालानंतर

मी एक जुने पितळी तबक आहे. हसू नका, मित्रांनो, तबकालाही कीर्ती मिळते. कैरोच्या सिनेमागृहांत ज्यांनी आपले तरुणपण घालवले, त्यांतल्या प्रत्येकाने मला पाहिले आहे. पाशाचा, म्हणजे बड्या सरदाराचा दिवाणखाना, मखमली खुर्च्या, तावातावाने भांडणारे नवरा-बायको, आणि मागच्या दाराने पांढरा झगा नि लाल कमरपट्टा घातलेला एक उंच, काळासावळा नोकर कप घेऊन येतो. तो नोकर म्हणजे माझा अब्दून. ज्याच्यावर ते कप असत, तो मी. आणि एका संध्याकाळी आम्ही दोघांनी जे करून दाखवले, ते सांगताना आजही माझा काठ थरथरतो.

पण सुरुवातीपासून सांगतो. तांबटांच्या गल्लीत फानूस नावाच्या कारागिराने मला घडवले. ठोके देता देता तो पुटपुटे, "लग्नघरात जाशील बघ. बदाम फिरतील तुझ्यावरून." माझ्या काठावर त्याने चांदण्यांची वेलबुट्टी कोरली. मी हरखून गेलो होतो. पण लग्नघराचा मुहूर्त काही आला नाही. सिनेमाच्या कारखान्यातला सामानवाला आला आणि चार सुरया, दोन हुक्के नि मला उचलून घेऊन गेला.

तिथे पहिल्याच दिवशी मी अब्दूनच्या हातात पडलो. अब्दून न्युबियाचा, दक्षिणेकडे नाईलच्या काठी वसलेल्या गावचा. त्याच्या गावची माणसे कैरोत येत ती स्वयंपाकी व्हायला, नाहीतर दरवान व्हायला. हा मात्र नट व्हायला आला होता. राजांची, सेनापतींची लांबलांब भाषणे त्याला तोंडपाठ होती आणि आवाज असा, की समोरच्याने बोलणे थांबवून ऐकावे. दिग्दर्शकाने त्याला आपादमस्तक न्याहाळले, मला त्याच्या हातात दिले आणि म्हणाला, "वा, शोभतं." झाले. त्या एका शब्दाने आमच्या दोघांच्या आयुष्यावर शिक्का बसला.

त्यानंतर प्रत्येक सिनेमात त्याला दोनच शब्द मिळाले, "हुकूम, साहेब." पण ते दोन शब्द तो कसे म्हणे ते मला विचारा. लबाड पाशापुढे ते थंड असत, विधवेच्या घरात हळवे, आणि मालक दिवाळखोर झाला असेल तर त्यात दिलासा असे. हे कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले, कारण त्याचा अंगठा माझ्या काठावर असायचा आणि शब्दाआधी तो अंगठा बदलायचा.

आता नजीब लुत्फींविषयी. हे आमचे नायक. देखणे, गोरेपान, घारे डोळे, आणि अभिनयाच्या नावाने शंख. एका सिनेमात त्यांनी संतापून कॉफीचे तबक उडवायचे होते. पण त्यांचा हात कधी उशिरा येई, तर कधी मनगटाला लागेल म्हणून मध्येच थांबे. दिग्दर्शक रडकुंडीला आला. तेव्हा अब्दून हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही नुसता हात उचला. बाकीचं मी बघतो." नजीबसाहेबांनी हात उचलला. अब्दूनने मला खालून असे भिरकावले की कप छतापर्यंत गेले, आणि तो स्वतः जमिनीवर कोसळला. सिनेमागृहे टाळ्यांनी दणाणली. मासिकांनी लिहिले की नजीब लुत्फींच्या हातात विस्तव आहे. पुढे त्यांच्या प्रत्येक सिनेमात तबक उडणे आलेच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. विस्तव अब्दूनच्या मनगटात होता आणि पोचे माझ्या अंगावर.

खरे सांगायचे तर नजीबसाहेबही त्या विस्तवात अडकलेच. एकदा त्यांना कवीची भूमिका मिळाली, तर प्रेक्षक ओरडले, "तबक कधी उडवणार?" त्या दिवशी मला त्यांचीही कीव आली.

पण अब्दूनचे दुःख निराळे होते. तो चांगला सूट घालून चहाघरात गेला, तरी कोणीतरी हाक मारीच, "अब्दूनकाका, एक कॉफी. साखर बेताची." तोही हसे. मात्र मुलीच्या लग्नात वरपक्षाच्या पाहुण्यांनी वधूपित्याच्या हातात सरबताचे रिकामे पेले दिले, तेव्हा तो हसला नाही. त्याची बायको नबरा जिभेची तिखट होती. ती म्हणाली, "सिनेमात खून करणाऱ्याला लोक रस्त्यात सलाम ठोकतात, आणि तुमच्या हातात उष्टे पेले देतात. हा कुठला न्याय हो?"

"त्यांची काय चूक?" अब्दून म्हणाला. "मी नोकर चांगला करतो."

"मग वाईट करा."

"ते नाही जमत मला."

पुढे माझा काठ इतका चेपला की सामानवाल्याने मला भंगारात टाकले. मोडक्या दिव्यांच्या आणि फाटक्या पडद्यांच्या ढिगात मी काळा पडत गेलो. कोणी ढुंकून पाहीना. अब्दूनने मला तिथून उचलले आणि घरी आणले. नबराने कपाळाला हात लावला. "आता हे घरातही?"

"असू दे. माझी सगळी नाटकं यानं ऐकलीयत."

ते मात्र खरे होते. लिंबू आणि राख घेऊन तो मला घाशी आणि घासता घासता राजा होई, सेनापती होई. एका दुपारी नाटकमंडळीच्या तालमीत तो असाच कोपऱ्यात मला घासत बसला होता. मंडळी इख्लास हानेमची, म्हणजे इख्लासबाईंची. उन्हाळा आला की ती आपले नाटक घेऊन समुद्राकाठी अलेक्झांड्रियाला जायची. त्या वर्षीच्या नाटकात एका गरीब पोरावर खुनाचा खटला होता, त्याचे वकील अर्थातच नजीब लुत्फी, आणि अब्दूनकडे न्यायाधीशाला कॉफी देण्याचे काम. तो मला घासत न्यायाधीशाचे निकालाचे भाषण म्हणत होता. इख्लास हानेम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काका, परत म्हणा."

अब्दून दचकला. "चुकलं बाई, सहज आपलं..."

"परत म्हणा म्हणते ना."

त्याने म्हटले. तालमीतली कुजबुज बंद झाली. बाईंनी तिथल्या तिथे न्यायाधीशाची भूमिका त्याला दिली.

नजीबसाहेब उसळलेच. "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? हा स्टेजवर आला की लोक कॉफी मागतील. पोट धरून हसतील. माझ्या खटल्याचा तमाशा होईल."

"हसले तर बघू."

"बघू नाही. आत्ताच ठरवा. पहिल्या प्रयोगाला लोक याला हसले, तर दुसऱ्या दिवशी झगा दुसऱ्याला, आणि याच्या हातात तबक."

बाईंनी अब्दूनकडे पाहिले. "काका?"

"कबूल," अब्दून म्हणाला. आणि घरी येऊन त्याने नबराला सांगितले, "हसले तर मी नाटक-सिनेमा सोडणार. गावाकडं जाऊ आपण. आता उतरत्या वयात मला आणखी 'हुकूम, साहेब' म्हणवत नाही."

मित्रांनो, तो पहिला प्रयोग. नाटकगृह खच्चून भरलेले, बाहेर समुद्र, आत पंख्यांची घरघर. बाईंनी मला न्यायाधीशाच्या मेजावर पाण्याची सुरई आणि पेला देऊन ठेवले होते. पडदा वर गेला. पट्टेवाला ओरडला, "न्यायालय." रंगमंचावरचे सगळे उठले आणि काळा झगा नि हिरवा पट्टा घातलेला अब्दून आत आला.

आधी पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसले. मग दुसरे, मग अर्धे नाटकगृह. तेवढ्यात वरच्या सज्जातून आरोळी आली, "अब्दूनकाका, एक कॉफी. साखर बेताची."

झाले, छप्पर उडायचेच बाकी राहिले. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. नजीबसाहेबांनी पाठ फिरवली होती, पण त्यांचे खांदे हलत होते. आमच्या रंगभूमीचा रिवाज असा, की सज्जाने टोमणा मारला की नटाने संहिता बाजूला ठेवून त्याहून झणझणीत टोमणा परत द्यायचा. तोच खरा हजरजबाबी. सगळे त्याचीच वाट पाहत होते. पण अब्दूनने विनोद केला असता तर न्यायाधीश तिथेच मेला असता, आणि गप्प बसला असता तर अब्दून.

तो शांतपणे बसला. त्याने सुरईतले पाणी ओतले, एक घोट घेतला आणि पेला माझ्यावर परत ठेवला. त्याचा अंगठा माझ्या काठाला लागला. तो पूर्वी कधीच नव्हता इतका स्थिर होता. मग त्याने मान वर केली.

"कॉफी कोणी मागितली? उभे राहा."

आणि मित्रांनो, तो माणूस खरोखर उभा राहिला. डोक्यावरची टोपीही काढली.

"नाव?"

"खमीस, साहेब."

"धंदा?"

"शिंपी आहे साहेब. बाजारात दुकान आहे."

"खमीस, इथं एका पोराच्या गळ्याला फास लागायची वेळ आली आहे. कॉफी निकालानंतर."

"चुकलं साहेब," खमीस म्हणाला आणि खाली बसला. शेजारचा माणूस त्याच्यापासून जरा सरकून बसला. हशाचा मागमूस उरला नाही. माझ्यावरच्या पेल्यातले पाणी थरथरत होते, आणि ते मीच हलवत होतो.

नाटक असे रंगले की विचारू नका. दुसऱ्या अंकात नजीबसाहेब आपले बचावाचे भाषण साफ विसरले. सिनेमात पुन्हा पुन्हा घेता येते, इथे समोर हजार डोळे. ते घामाघूम झाले. अब्दून कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "वकिलांनी वेळ घ्यावा. आरोपीचा जीव मोठा आहे, न्यायालयाला घाई नाही." लोकांना वाटले, हे नाटकातच आहे. तेवढ्या वेळात आतून कोणीतरी शब्द पुरवला आणि गाडी रुळावर आली. निकाल देऊन अब्दून उठला, पट्टेवाल्याने आरोळी दिली, तर सज्जातली माणसेही उठून उभी राहिली. तो आत जाईपर्यंत कोणी बसले नाही.

पण अट ती अट. प्रयोगानंतर आतल्या खोलीत नजीबसाहेब मान खाली घालून, पण बोललेच, "बाई, ठरलं होतं. लोक हसले."

अब्दूनने झग्याच्या गुंड्या काढायला घेतल्या. "खरं आहे साहेबांचं. हसले."

बाईंनी शब्द दिला होता आणि मंडळी शब्दावर चालते. तेवढ्यात दारावर थाप पडली. टोपी हातात घेऊन खमीस शिंपी उभा.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "साहेबांची."

नजीबसाहेबांना त्याच्या माफीशी देणेघेणे नव्हते. घसा कोरडा पडलेला, सवय जुनी. ते म्हणाले, "अब्दून, जरा कॉफी सांग रे."

खमीसने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "अहो, शुद्धीवर आहात का? न्यायाधीशांना कॉफी आणायला पाठवता?" आणि त्याने मला उचलले नि तरातरा खालच्या चहाघरात गेला. मला परके हात कधी आवडले नाहीत, पण त्या हातांत मी दिमाखात गेलो. तो परत आला तेव्हा माझ्यावर वाफाळते कप होते. पहिला कप त्याने अब्दूनपुढे धरला.

"साखर किती ते विचारायचं राहिलं, साहेब."

"बेताची," अब्दून म्हणाला.

बाईंनी विचारले, "खमीस, खरं सांग. साहेब आत आले तेव्हा तू कोणाला हसलास?"

"आमच्या अब्दूनकाकाला, बाई. मला वाटलं, तेच आलेत." तो ओशाळला. "लांबून माणूस चुकतो. जवळून बघतोय तर हे कोणी वेगळेच निघाले."

बाई म्हणाल्या, "म्हणजे न्यायाधीशाला कोणी हसलं नाही. काका, गुंड्या लावा. उद्या संध्याकाळी प्रयोग आहे." नजीबसाहेबांनी आपला कप स्वतः उचलला आणि म्हणाले, "अब्दून... सकाळी माझं भाषण बसवून घ्याल का?" इतक्या वर्षांत ते त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो करत होते.

अब्दून कॉफी प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत, सावकाश. सिनेमातले माझ्यावरचे सगळे कप रिकामे असत, नाहीतर त्यांत काळे पाणी असे. ही माझ्यावरची पहिली खरी कॉफी, आणि ती अब्दूनला मिळाली. मी त्या रात्री आनंदाने वाजलो असतो, पण कप सांडले असते.

गंमत पुढेच आहे. उन्हाळाभर नाटक चालले आणि मग सिनेमावाले धावत आले. त्यांना आता अब्दून फक्त न्यायाधीश म्हणून हवा. एक झाला, दोन झाले. तिसरा निर्माता आला तेव्हा अब्दूनने हात जोडले. "पुरे झाला न्याय. मला आता चोर करा." नबरा आतून म्हणाली, "आणि चांगला करू नका हो, नाहीतर लोक घरी बोलवायचे नाहीत." पण त्याने चोरही चांगलाच केला.

आता मी त्यांच्या घरात खिडकीपाशी असतो. मित्रांनो, माझी निगा सोपी आहे. लिंबू आणि राख पुरते, पोचे राहिले तरी मी लख्ख होतो. माणसाची निगा मला फारशी कळत नाही, पण जे पाहिले ते सांगतो. कोणी हातात काही धरून तुमच्या दारात आला, तर आधी ते त्याच्या हातातून घ्या, त्याला बसवा, आणि तो बोलायला लागला की मध्ये बोलू नका.